ठेक्याचा तारा

नाताळच्या रोषणाईवर टीका करणाऱ्यासाठी आपल्या समाजात दोनच जागा राखून ठेवलेल्या आहेत. एक तर तो अरसिक ठरतो, नाही तर ज्याला प्रत्येक पेटलेल्या दिव्यात उपाशी पोराची भाकरी दिसते असा रडका समाजसुधारक ठरतो. आम्हांला या दोन्ही जागा नकोत. रोषणाई आम्हांला प्रिय आहे. डिसेंबरच्या थंडीत आगाशीपासून पापडीपर्यंतच्या गावांतून रात्री फिरावे, केळीच्या बागांआडून, आंब्याच्या शेंड्यांवरून, पाणवठ्याच्या वळणावरून एकामागून एक तारे दिसत जावेत, आणि तरीही ज्याचे मन उजळत नाही त्याच्याशी आम्ही वाद घालत नाही. त्याची आम्हांला कीव येते. आमचे भांडण निराळेच आहे. अलीकडे आपल्या कित्येक धर्मग्रामांतून नाताळचा तारा, कमान, दिव्यांच्या माळा आणि कुठे कुठे तर बाळ येशूचा गोठादेखील ठेक्याने दिला जातो. भांडण आहे ते या ठेक्याशी, आणि ते आज आम्ही आडपडदा न ठेवता मांडणार आहोत.

ठेका म्हणजे प्रत्यक्षात काय घडते ते एकदा डोळ्यांसमोर आणावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पालकीय परिषदेची सभा भरते. 'नाताळ सजावट' हा विषय पत्रिकेवर शेवटी असतो, कारण त्यावर चर्चा करण्याजोगे काही उरलेलेच नसते. गेल्या वर्षीचाच डेकोरेटर, गेल्या वर्षीपेक्षा थोडा फुगलेला आकडा, आणि 'शेजारच्या धर्मग्रामात यंदा तीन कमानी आहेत' ही कुणीतरी कानावर घातलेली बातमी. पाच मिनिटांत ठराव संमत होतो, कुटुंबामागे वर्गणी ठरते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक टेम्पो येतो. त्यातून लोखंडी सांगाडे, माळांची वेटोळी आणि चार-पाच पोरगेले कामगार उतरतात. ही मुले गुणी असतात, रात्र रात्र राबतात. त्यांच्याविषयी आमची काडीची तक्रार नाही. पण त्यांनी उभारलेली कमान नवरात्रात कुठल्याशा मंडपासमोर उभी होती, दिवाळीनंतर कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवापुढे उभी होती, आणि आता माथ्यावरचा मधला तुकडा तेवढा बदलून ती आपल्या देवळापुढे उभी आहे. २ जानेवारीला टेम्पो पुन्हा येतो आणि सारे भरून घेऊन जातो. तीन राजांचा सण अजून व्हायचाच असतो. पूर्वेकडून इतक्या लांबून निघालेले ते ज्ञानी लोक येऊन पाहतात, तो तारा गायब!

या साऱ्या दिवसांत धर्मग्रामातील कुटुंबांनी काय केले? वर्गणी दिली, आणि कमानीखाली उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. त्यांच्या हाताला दुसरे कामच उरलेले नव्हते.

वास्तविक तारा बनवणे ही काही मोठी विद्या नव्हे. दहा कामट्या लागतात. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके सुतळीने आवळायची, आणि आतल्या पाच सांध्यांत वीतभर काड्या उभ्या खोचायच्या, की चपटी चांदणी फुगून पोटदार होते. वरून पतंगाचा कागद, मैद्याची खळ, आत दिवा. झाला तारा. पण या दहा कामट्यांच्या निमित्ताने किती माणसे एकत्र येत! बांबू कुणाच्या तरी बेटातून मागून आणावा लागे, म्हणजे त्या घराशी वर्षभराचा अबोला असला तरी तो सोडावा लागे. बांबू चिरायला जुना, मुरलेला हात लागे. कारण पेराच्या गाठीशी कोयता वाकडा गेला, की कामटी अर्ध्यातच निसटते. खळ शिजवायला कुणाची तरी चूल लागे. कागद सुरकुती न पडता चिकटवायला लहान मुलांची बारीक बोटे लागत, आणि तयार तारा माडाच्या उंचीवर चढवायला असा एखादा गडी लागे, जो एरवी देवळाच्या पायरीच्या वर फारसा चढत नसे. ज्याला प्रार्थनेत रस नाही, ज्याला भाषण जमत नाही, ज्याच्याकडे वर्गणीला पैसा नाही, त्या प्रत्येकाच्या वाट्याला ताऱ्याचा एक तुकडा येई. ठेकेदाराने आपल्याकडून हिरावून घेतले ते हे वाटे. पैसे आपण राजीखुशीने दिले. त्यांचे आम्हांला फारसे दुःख नाही.

गोठ्याची कहाणी याहून मोठी. आगमनकाळाच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी परातीत, ताटलीत, नारळाच्या करवंटीत भात, गहू किंवा नाचणी पेरायची, म्हणजे नाताळापर्यंत गव्हाणीभोवती बोटभर हिरवळ डोलू लागते. भाताची कापणी नुकतीच आटोपलेली असते, तेव्हा पेंढा ताजा आणि सुगंधी मिळतो. सिमेंटच्या पिशव्यांचे कागद चुरगाळून, त्यांवर खळ आणि रंग फासून बेथलेहेमचे डोंगर उभे राहतात. फुटका आरसा म्हणजे तळे. त्याच्या काठी गेल्या वर्षीचे, एक कान तुटलेले मेंढरू. आपल्या शेजारपाजारची हिंदू मुले दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर हळीव पेरतात, त्यांच्या घरी नवरात्रात घटाभोवती धान्य रुजत घालतात. आमच्या गोठ्यातली हिरवळ त्याच मातीतली, त्याच ऋतूतली. आणि गंमत पाहा, दूर फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील कॅथलिक घरांतही ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणादिवशी, बशीत गहू पेरण्याची चाल आहे. तेच रोप पुढे नाताळच्या मेजावर आणि गोठ्याजवळ मांडले जाते. कुणी कुणाचे पाहून केले याचा शोध विद्वानांनी घ्यावा. आम्हांला एवढेच दिसते, की जिथे नाताळ लोकांचा आहे तिथे तो तीन आठवडे आधी मुलांच्या हातून पेरला जातो. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण फळ्यावर लिहून सांगतो. रोज सकाळी उठून, कोंब किती वर आला हे पाहणाऱ्या पोराला ते सांगावे लागत नाही. ठेक्याची हिरवळ प्लास्टिकची असते. थर्माकोलचे डोंगर तर २०१८ मध्ये राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातल्यानंतरही आम्ही पाहिलेले आहेत. कोणत्या देवळात पाहिले ते सांगत नाही, सुज्ञांस सांगणे न लगे.

आता कुणी म्हणेल, हे सारे गतकाळाचे गोडवे झाले. तसे असते तर आम्ही लेखणी हाती धरली नसती. प्रश्न उद्याचा आहे. दृढीकरण संस्कार झाला, की आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गातून जी बाहेर पडतात ती थेट स्वतःच्या लग्नाच्या चौकशीलाच धर्मगुरूंच्या कार्यालयात उगवतात, ही तक्रार प्रत्येक धर्मगुरूंच्या तोंडी आहे. या मधल्या दहा-बारा वर्षांत त्यांना देवळाच्या अंगणात खेचून आणणारे काय होते? प्रवचन खचित नव्हते. डिसेंबरच्या रात्री शेकोटीपाशी बसून गोठा उभारणे, हे होते. हातात हातोडी आणि सुतळी असलेल्या पोराला कुणी 'मिस्साला का येत नाहीस' म्हणून विचारत नसे; आणि तो गोठा ज्या मिस्सात उघडायचा, त्या मध्यरात्रीच्या मिस्साला तो हमखास हजर असे. दुसरी गोष्ट नवागतांची. वसई-विरारच्या पट्ट्यात नव्या इमारतींतून किती कुटुंबे येऊन राहिली आहेत: मंगळूरकडची, केरळातली, गोव्याची, मुंबईतल्या जुन्या चाळींतून सरकत आलेली. रविवारी ती आपल्या शेजारच्या बाकावर बसतात, शांतिदानाच्या वेळी आपण त्यांना हात जोडतो, आणि नाव मात्र वर्षानुवर्षे माहीत नसते. भाषेची अडचण आहे, मान्य. पण बांबूची कामटी धरायला भाषा लागत नाही. गोठ्याच्या एका रात्रीत जी ओळख होते, ती वर्षभराच्या सभांनी होत नाही. ते एक निमित्तही आपण वर्षाच्या कराराने डेकोरेटरला देऊन टाकले आहे.

गोठ्याची परंपरा ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे, त्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी काय केले, ते या निमित्ताने आठवावे. गवताने भरलेली गव्हाण, एक बैल, एक गाढव. एवढी तयारी तेथील एका मित्राकडून करवून घेतली होती. पण रात्रीचा उजेड? त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी नोंदवून ठेवले आहे, की त्या रात्रीसाठी मेणबत्त्या आणि मशाली परिसरातल्या स्त्री-पुरुषांनीच, ज्याची जशी ऐपत तशा, हौसेने तयार करून आणल्या. म्हणजे जगातील या सुविख्यात गोठ्याची रोषणाईदेखील वाटून घेतलेली होती! या घटनेला २०२३ मध्ये ८०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा आपल्याकडेही तिचे स्मरण झाले. फ्रान्सिसच्या बैलावर आणि गाढवावर सर्वजण बोलले. मशाली आणणाऱ्यांची आठवण फारशी कुणी काढली नाही.

आमचा राग विजेवर आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. विजेच्या दिव्यांनी सजवलेले पहिले नाताळचे झाड १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी फिरू लागले. लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांचे ८० दिवे त्यावर होते. हे गृहस्थ एडिसनच्या वीज कंपनीचे उपाध्यक्ष. म्हणजे या रोषणाईच्या पाळण्याशी विक्रेता पहिल्यापासूनच उभा आहे. असेना. वीज काय, पणती काय, दोन्ही देवाच्याच. वीज वापरूनही नाताळ लोकांच्या हाती कसा राहतो, हे पाहायचे असेल तर फिलिपिन्सकडे पाहावे. तेथील 'पारोल' नावाचा तारा मुळात आपल्यासारखाच: बांबूच्या कामट्या, कागद, आत दिवा. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस तिथे पहाटेच्या अंधारात मिस्सा होतो. त्या वाटेवर उजेड म्हणून हे तारे हाती धरून लोक जात. पुढे पाम्पांगा प्रांतातील सान फर्नांदो शहरात त्याच ताऱ्याचा विराट अवतार झाला. वीस-वीस फुटी कंदील, प्रत्येकात हजारो दिवे, आणि संगीताच्या तालावर रंगांची फुले उमलतात-मिटतात. ही उघडझाप गेली कित्येक दशके ज्या युक्तीने चालली आहे, ती ऐकून आमच्या वाचकांतील वायरमन मंडळी खूश होतील. लोखंडी पत्र्याचे एक पिंप आडवे ठेवतात. त्यावर ठिकठिकाणी चिकटपट्टी लावलेली असते. दिव्यांच्या तारांची टोके बायकांच्या केसांतल्या साध्या आकड्यांना जोडून ते आकडे पिंपावर टेकवतात, आणि माणूस हाताने पिंप फिरवतो. आकडा उघड्या पत्र्यावर आला की दिवा लागतो, पट्टीवर आला की विझतो. वस्त्या-वस्त्यांमध्ये चुरस असते, पैसा खर्च होतो, डोळे दिपतात. पण तो कंदील त्या वस्तीचा असतो, त्याचा कारागीर त्याच मातीत वाढलेला असतो आणि तो बापाकडून मुलाकडे गेलेला धंदा असतो. कारागीर आणि ठेकेदार यांतील हा फरक आम्हांला मोलाचा वाटतो. कारागिराच्या हाताखाली चार पोरे शिकतात. ठेकेदाराच्या हाताखाली आपण नुसते उभे असतो.

आणि लोकांची रोषणाई मोठ्या देखाव्याखाली दबली तर काय होते, याचा दाखला हवा असेल तर तो फ्रान्समधील ल्यों शहरात आहे. हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. मिशन रविवारी आपण जे दान देतो त्याचा उगम तिथला: रेशमाच्या धंद्यातील घरात जन्मलेल्या पोलिन जारिको या तरुणीने कामगारांकडून दर आठवड्याला एकेक लहान नाणे गोळा करण्याची योजना आखली, आणि त्यातून १८२२ साली श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली. २०२२ मध्ये तिला धन्यवादित घोषित करण्यात आले. याच शहरात १८५२ साली फूर्वियेरच्या टेकडीवरील जुन्या चॅपेलच्या मनोऱ्यावर पवित्र मरियेचा सोनेरी पुतळा बसवायचा होता. मुहूर्त ८ सप्टेंबरचा. पण सोन नदीला पूर आला, शिल्पकार फाबिश यांच्या कार्यशाळेत पाणी शिरले, आणि सोहळा ८ डिसेंबरवर, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणावर ढकलला गेला. परंपरेने सांगतात ते असे, की त्याही दिवशी वादळी पाऊस सुरू झाला आणि आतषबाजीसकट सारा बेत पुन्हा बारगळण्याची वेळ आली. मग संध्याकाळी अकस्मात आकाश निवळले. लोकांनी अधिकाऱ्यांची वाट पाहिली नाही. घरोघरच्या खिडक्यांत मेणबत्त्या लागल्या आणि नदीकाठापासून टेकडीपर्यंत शहर उजळून निघाले. तेव्हापासून दरसाल ८ डिसेंबरच्या रात्री ल्योंमधील कुटुंबे रंगीत काचेच्या छोट्या पेल्यांत मेणबत्त्या लावून खिडकीत ठेवतात. या पेल्यांना तिकडे 'ल्युमिन्यों' म्हणतात. आपल्या पणतीचीच मावसबहीण.

पुढे काय झाले ते जरा लक्षपूर्वक पाहावे. १९८९ पासून नगरपालिकेने शहरातील वास्तू कायमच्या प्रकाशित करण्याची योजना हाती घेतली. १९९९ पासून ८ डिसेंबरच्या एका रात्रीचा अनेक रात्रींचा 'प्रकाश महोत्सव' झाला. देशोदेशींचे प्रकाश-कलावंत आले, चर्चच्या दर्शनी भिंतींवर हलती चित्रे पडू लागली, लक्षावधी पर्यटक लोटू लागले. कलेच्या दृष्टीने त्यातले पुष्कळ काही अप्रतिम असते, हे आम्ही अमान्य करत नाही. पण डोळे वर भिंतीकडे लागले की खिडकीतला पेला कुणाला दिसतो? फूर्वियेरच्या उतारावर 'धन्यवाद, मरिये' अशा अर्थाची अक्षरे अजून झळकतात, आणि गर्दीतल्या अनेकांना ती कुणाला उद्देशून आहेत याचा पत्ता नसतो. मग १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले. ल्योंचा महोत्सव रद्द झाला. सारे प्रक्षेपक बंद. नगरपालिकेनेच नागरिकांना विनंती केली, की ८ डिसेंबरला मृतांच्या स्मरणार्थ आपापल्या खिडकीत मेणबत्त्या लावा. महामारीच्या २०२० सालीही महोत्सव होऊ शकला नाही आणि पुन्हा खिडक्यांनीच सण साजरा केला. ज्यावर कोट्यवधींचा खर्च होत असे ते एका आदेशासरशी बंद पडले. जे काडेपेटीच्या खर्चात होत होते ते बंद पाडण्याचे सामर्थ्य कशातच नव्हते. मात्र हे का जमले, तर ल्योंच्या घराघरांत ते काचेचे पेले अजून शिल्लक होते. कपाटातून काढले, पुसले, खिडकीत मांडले. आम्ही आमच्या मंडळींना विचारतो: उद्या काही कारणाने तुमचा डेकोरेटर आला नाही, तर तुमच्या माळ्यावर काय शिल्लक आहे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप गरिबांच्या नावाने येतो: तारा तुमचा असो की ठेकेदाराचा, तो पैसा गरिबांना द्या. हा प्रश्न नवा नाही. बेथानीच्या घरात मरियेने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले तेव्हा, हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाहीत, असे एकाने विचारले होते. त्याचे नाव वाचकांना ठाऊक आहे, आणि पैशांची थैली कुणाकडे असे हेही ठाऊक आहे. प्रभूने मरियेची बाजू घेतली. पण तिने ते तेल स्वतःच्या हाताने ओतले होते. वर्गणी काढून एखाद्या दुकानदाराकडून ओतवून घेतले नव्हते. गरिबाला दान द्यावेच. त्याखेरीज त्याला गोठ्याच्या रात्री कामट्या बांधायला बोलवावे, कारण तिथे तो दान घेणारा राहत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो प्रामाणिक आहे. पहाटेची विरार लोकल धरून निघालेला माणूस रात्री नऊला घरी परततो. त्याने तारा केव्हा बांधायचा? त्याला आमचे उत्तर असे, की वर्गणी गोळा करायला घरोघर फिरणारे, डेकोरेटरशी घासाघीस करणारे, कमानीचा रंग कोणता यावर तासभर वाद घालणारे हेही नोकरदारच असतात. आगमनकाळात चार रविवार येतात. मिस्सानंतरचा एकेक तास पुरे. खरी अडचण निराळी आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही: हाताने केलेला तारा थोडा वाकडा होतो, आणि शेजारच्या धर्मग्रामापुढे वाकडा तारा लावण्याची आपल्याला लाज वाटते. पूजनकलेविषयी १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानात, १२४ व्या कलमात, नुसत्या डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे असे महागुरूंना सांगितले आहे. सरळ रेषेविषयी त्यात काही सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो आम्हांला शंभर टक्के मान्य आहे. जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी, कागद आणि पेंढा यांच्याजवळ उघडी ज्योत ठेवू नये, आणि मुलांनी तारांना हात लावू नये. पण हे काम एका माणसाचे आणि दोन दिवसांचे आहे. त्यासाठी सगळा नाताळ गहाण टाकण्याचे कारण नाही.

चौथा आक्षेप जरा गंभीर स्वरात मांडला जातो: अन्यधर्मीय बंधू-भगिनी दुरून रोषणाई पाहायला येतात, भव्यतेमुळे आपल्या श्रद्धेची साक्ष घडते. येतात, हे खरे, आणि त्यांचे येणे हा आपल्या भागातील नाताळचा एक मोठा आनंद आहे. पण ज्या माणसाने दिवाळीत स्वतः आकाशकंदील बांधला आहे त्याला ठेक्याची कमान काय नवी? ती त्याने आपल्या गल्लीत गणपतीला पाहिलेलीच असते. तो गोठ्यापाशी येतो, वाकून आत पाहतो, आणि विचारतो, 'हे कोणी केले?' या प्रश्नाला शेजारी उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीने 'आम्ही' असे उत्तर द्यावे, आणि मग तिने त्याला मेंढपाळ कोण, गव्हाण कशाला, हे सांगत सुटावे. डेकोरेटरचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असलेली पाटी कमानीच्या खांबाला लटकलेली असते. ती कोणत्या श्रद्धेची साक्ष देते?

गाण्यांविषयी स्वतंत्र लिहावे लागेल, म्हणून इथे थोडक्यात. घरोघर नाताळगीते गात फिरणाऱ्या मंडळ्यांच्या जागी ध्वनिक्षेपकाची भिंत आली, तीही भाड्यानेच. तिच्याविषयी आमचे मत काय असेल, ते वाचकांनी ताडले असेलच.

स्पर्धांना आमचा सरसकट विरोध नाही. पाम्पांगाचे उदाहरण आम्हीच दिले आहे. पण आपल्याकडील गोठा स्पर्धांचे परीक्षक मोटारीतून उतरतात, दहा मिनिटे पाहतात, आणि गुण देतात ते झगमगाटाला. म्हणून दुसऱ्या वर्षी वाडीतली पोरेदेखील भाड्याचा झगमगाट आणतात. परीक्षकांनी एक करावे. बक्षीस जाहीर करण्यापूर्वी गोठ्यापाशी उभ्या असलेल्या पाच जणांना, 'यात तुझ्या हातचे काय?' असे विचारावे. भाड्याने आणलेल्या वस्तूला शून्य गुण. पेरलेल्या हिरवळीला, जुन्या मूर्ती दुरुस्त करून वापरल्याला आणि नव्या इमारतींतली कुटुंबे सामील करून घेतल्याला भरघोस गुण. एवढ्या एका नियमाने दोन वर्षांत चित्र पालटेल, असा आमचा अंदाज आहे.

आमची मागणी यंदापुरती मर्यादित आहे. सगळी रोषणाई एका वर्षात परत हाती घेणे जमणार नाही. तसा हट्टही नाही. पण देवळावरचा मुख्य तारा आणि देवळातला गोठा, या दोन वस्तू ठेक्यातून वगळाव्यात. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने एक तारा करावा, आणि ते सर्व तारे देवळाच्या आवारात टांगावेत, वाकड्यांसकट. ते नाताळच्या पूर्वसंध्येला लागावेत, आगमनकाळ अर्धा सरण्याच्या आत नव्हे, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत राहावेत, म्हणजे तीन राजांची वाट चुकणार नाही. वर्गणीतून वाचलेल्या रकमेचे काय करायचे ते परिषदेने ठरवावे. आम्ही त्यात ढवळाढवळ करणार नाही.

मात्र विषय वेळेत मांडायला हवा. डेकोरेटरची आगाऊ रक्कम गणपती-नवरात्राच्या सुमारासच हातावर ठेवली जाते, आणि एकदा ती गेली की 'पुढच्या वर्षी पाहू' हे उत्तर तयार असते. शिवाय बांबूचेही पाहावे लागेल. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, तेव्हा पाऊस सरल्यावर तोडलेलाच घ्यावा. त्यासाठी ज्यांच्या दारी बेट आहे त्यांना आधी सांगून ठेवावे. आणि कामट्या काढता येणारे हात गावात किती उरले आहेत, याची चौकशी या रविवारीच मिस्सानंतर करावी. बहुतेक ठिकाणी ते हात सत्तरीच्या पुढचे निघतील. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आणि समोर चार पोरे बसवावीत.